लाइन गेली, आली, आणि जुना पीसी चालूच होऊन नाही राहिला: मदरबोर्ड गेला म्हणायच्या आधी काय मोजायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही पत्ता लागेल. नागपूरच्या इतवारीत बाबांचं दुकान, तिथे २०१२ चा असेंबल केलेला डेस्कटॉप, इंटेलचा आय३ प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा, एच६१ मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, टॅली आणि बिलं एवढंच काम. मागच्या हिवाळ्यापासून सकाळी दुकान उघडलं की चार-पाच वेळा बटण दाबावं लागायचं, पण एकदा सुरू झाला की रात्रीपर्यंत बिनातक्रार. आता परवा दुपारी लाइन गेली, तासाभराने आली आणि तेव्हापासून काहीच नाही, पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही. जवळच्या दुकानात नेला तर त्याने पाच मिनिटं पाहून मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या असं सांगितलं, आणि तुम्ही विचारून राहिले की खरंच गेला का.

माझं मत आधीच सांगून टाकतो कारण पुढे बरंच लांबणार आहे. तुम्ही लिहिलं त्यात बोर्ड गेल्याची पक्की अशी एकही खूण मला दिसत नाही, एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेतून पीसीला लागणारे कमी व्होल्टेज बनवणारा कॅबिनेटमधला डबा, म्हातारा झाल्याच्या मात्र जवळपास सगळ्याच दिसतात. थंडीत सकाळी त्रास, गरम झाला की ठीक, आणि लाइन जाऊन आल्यावर एकदम बंद, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा हात पहिले एसएमपीएसकडेच जातो. पण मी सांगितलं म्हणून लगेच सीताबर्डीच्या बाजारात जाऊन नवीन एसएमपीएस आणू नका, आधी मोजा मग आणा. जुन्या पीसीच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, पहिले एसएमपीएस बदलून पाहतात, मग रॅम, मग बोर्ड, आणि शेवटी कळतं की समोरचं बटणच चिकटलेलं होतं, तोवर माणसाचे पैसे गेलेले असतात आणि दुकानाचा हिशेब आठ-आठ दिवस अडकलेला असतो. मला हे मनापासून खटकतं, कारण बंद पीसीचं निदान अवघड नाही, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास शांत डोकं एवढंच लागतं.

पहिलं काम हार्ड डिस्क. कॅबिनेटची बाजू उघडा आणि डिस्कला आलेली पॉवरची आणि डेटाची दोन्ही वायर काढून ठेवा, जमलं तर डिस्कच बाहेर काढा. तपासताना बिघडलेल्या एसएमपीएसने भलतंच व्होल्टेज सोडलं तर बोर्ड दुसरा मिळेल, बाबांचे इतक्या वर्षांचे हिशेब कुठून आणणार. डिस्क स्वतः बहुतेक धडधाकट असेल. साटा टू यूएसबी अडॅप्टर मिळतो तो आणा, पण साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर ज्याच्यासोबत स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर येतो तोच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती डिस्क फिरणार नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्कही गेली. टॅलीचा डेटा फोल्डर कुठल्यातरी लॅपटॉपवर कॉपी करा, दुकान चालू ठेवा, आणि मग पीसीकडे या. डेटा हातात असला की माणूस घाई करत नाही, आणि या कामात घाईनेच नुकसान होते.

आता भिंतीपासून सुरुवात. तुमच्या लिहिण्यात यूपीएसचा उल्लेख नाही पण टॅलीवाल्या दुकानात तो असतोच, म्हणून विचारतो, यूपीएस बाजूला काढून सरळ भिंतीच्या सॉकेटमधून लावून पाहिलं का? छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-अवरची बॅटरी असते, ती साधारण दोन-तीन वर्षं टिकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि बॅटरी पूर्ण बसली की बरेच यूपीएस लाइन असूनही ऑनच होत नाहीत. म्हणजे लाइन जाऊन आल्यावर पीसी बंद आणि गुन्हेगार यूपीएस, असं खूप वेळा निघतं. मॉनिटर सुरू होते का तेही पाहा, मॉनिटर आणि पीसीची पॉवर कॉर्ड बहुतेक एकच प्रकारची असते, दोघांची अदलाबदल करा. कॉर्डचं टोक पिवळं किंवा काळं पडलं असेल, सॉकेटमध्ये हलत असेल तर ती फेकाच. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो तो चालूच्या बाजूला आहे ना? आणि तिथेच काही एसएमपीएसला लाल रंगाची ११५/२३० ची सरकपट्टी असते, ती २३० वरच पाहिजे. साफसफाई करताना कोणी ती ११५ वर सरकवली आणि आपली २३० ची लाइन दिली तर आत स्फोटासारखा आवाज होऊन एसएमपीएस तिथल्या तिथे जातो, म्हणून तिला हौस म्हणून हात लावू नका.

भिंतीतलं व्होल्टेजही पाहायचं, पण मेन लाइनवर मीटर लावायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, हे निरोगी सॉकेट. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर अर्थिंग नाहीतर न्यूट्रल कुठेतरी कच्चं आहे. आपल्या नागपूरच्या काळ्या मातीचं एक आहे, एप्रिल-मेमध्ये ती सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल निघून गेली की अर्थिंग नावापुरतंच उरते, जुन्या इतवारी-महालच्या घरांमध्ये तर खड्डा कुठे आहे हेच कोणाला माहीत नसते. सापडला तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी टाकत जा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार असते ना, ती बहुतेक वेळा याचीच, एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. पीसी बिघडला म्हणून असं होत नाही, पण अशा जागी पीसी जास्त वर्षं टिकतही नाही.

भिंत, कॉर्ड, यूपीएस ठीक निघाले तर आता मुख्य तपासणी, इथे थोडं सावकाश वाचा.

एसएमपीएस पूर्ण बंद कधीच नसतो. प्लग लावला की त्याच्यातला एक छोटा वेगळा सप्लाय सुरू होतो आणि बोर्डाला ५ व्होल्ट देत राहतो, याला स्टँडबाय म्हणतात, एसएमपीएसमधून बोर्डाकडे जाणाऱ्या जुडग्यात याची वायर जांभळी. तुम्ही समोरचं बटण दाबता तेव्हा बटण थेट एसएमपीएसला काही सांगत नाही, ते बोर्डाला सांगते, बोर्ड या जांभळ्या वायरच्या जोरावर जागा असतो म्हणून त्याला ते कळते, मग तो हिरव्या वायरला खाली ओढतो म्हणजे शून्याजवळ आणतो, आणि हिरवी शून्यावर गेली की मोठा सप्लाय सुरू होतो, पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. हे सगळे स्थिर झाले की एसएमपीएस राखाडी वायरवर ५ व्होल्ट देऊन बोर्डाला सांगतो की आता सगळं ठीक आहे, प्रोसेसर सुरू कर. म्हणजे क्रम असा की जांभळी, बटण, हिरवी, मग मोठे व्होल्टेज, मग राखाडी. साखळी नेमकी कुठे तुटली हे पाहणं म्हणजेच निदान, बाकी सगळा अंदाज.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला किंवा कुठल्याही काळ्या वायरला, लाल प्रोब २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते त्या फटीतून. कनेक्टर बोर्डातच लावलेला राहू द्या, काढून मोजू नका. दोन पिनांना एकदम प्रोब टेकू देऊ नका, हात थरथरत असेल तर आधी प्रोब बसवा आणि मग प्लग लावा. तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्या वायर काळ्याच असतील तर रंगाऐवजी पिन नंबर पाहावे लागतील, जांभळी ९, हिरवी १६, राखाडी ८.

पहिले जांभळी, पीसी बंद, प्लग लावलेला. ४.७५ ते ५.२५ मध्ये पाहिजे. शून्य असेल तर गोष्ट इथेच संपली, पण एकदा खात्री करा, प्लग काढा, २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनचा असे दोन्ही कनेक्टर बोर्डातून काढा, पुन्हा प्लग लावून जांभळी मोजा. अजूनही शून्य म्हणजे एसएमपीएस गेला, बोर्डाचा त्यात काही दोष नाही. बोर्ड काढल्यावर ५ आलं आणि लावल्यावर परत शून्य झालं तर मात्र बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा स्टँडबाय इतका अशक्त झाला आहे की बोर्डाचा भार झेलत नाही. हे दुसरं फार फसवं असते, गाडीच्या म्हाताऱ्या बॅटरीसारखं, मीटरवर बारा दाखवते आणि सेल्फ मारला की बसते. तेव्हा दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस अर्ध्या तासासाठी मागून आणा आणि लावून पाहा, निकाल लगेच लागेल.

आणि एक महत्त्वाचं, जांभळी ५.२५ च्या वर, म्हणजे साडेपाच, सहा, त्याहून जास्त दाखवत असेल तर त्याच क्षणी प्लग काढा आणि तो एसएमपीएस परत बोर्डाला लावू नका. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये स्टँडबायची जी साधी दोन ट्रान्झिस्टरवाली रचना असायची, तिच्यात एक छोटा कपॅसिटर सुकला की व्होल्टेज कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि बंद दिसणाऱ्या पीसीचा बोर्ड रात्रभर प्लगमध्ये राहून जळतो. बऱ्याच चांगल्या बोर्डांचा जीव असाच गेला आहे, आणि दोष दिला जातो लाइनला.

जांभळी ठीक असेल तर हिरवीवर या. बंद अवस्थेत तिच्यावर साडेतीन ते पाच व्होल्ट असतात, बटण दाबलं की शून्याजवळ यायला पाहिजे. दाबूनही तशीच राहिली तर निरोप एसएमपीएसपर्यंत पोचलाच नाही, म्हणजे बटण, त्याची वायर किंवा बोर्ड. शून्यावर आली पण मोठे व्होल्टेज आले नाहीत तर एसएमपीएस ऐकून नाही राहिला, किंवा पुढे शॉर्ट पाहून स्वतःच थांबला. तुम्हाला दुकानात मदरबोर्ड गेला असं सांगितलं ना, त्यांना एवढंच विचारा की बटण दाबल्यावर हिरवी वायर किती दाखवत होती. मोजलं असेल तर आकडा सांगतील आणि मग त्यांच्या बोलण्यात वजन आहे.

आता तुमच्याच केसबद्दल. मला का वाटते की जांभळीच शून्य निघेल, ते सांगतो. स्टँडबायच्या सर्किटमध्ये त्याची आयसी किंवा ट्रान्झिस्टर सुरू करायला मेनच्या बाजूला एक छोटासा इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर असतो, बहुतेक २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. शेजारी गरम भाग, वर वर्षानुवर्षं प्लग लावलेला असेतो सतत चालू, म्हणून आतलं द्रव हळूहळू उडून जाते आणि त्याची ताकद उतरते. गंमत अशी की सर्किट एकदा चालू असलं की अर्धमेल्या कपॅसिटरवरही ते चालत राहते, प्लग काढला नाही तर महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. पण लाइन गेली, सर्किट थांबलं, थंड झालं, आणि परत सुरू व्हायला जो पहिला धक्का लागतो तो हा कपॅसिटर देऊ शकत नाही. म्हणूनच लाइन आल्यावर मेला असं दिसते आणि सगळे म्हणतात की लाइनने जास्त व्होल्टेज दिलं. दिलंही असेल, वीज कडाडली असेल, शेजारच्या दुकानातलंही काही जळलं असेल तर तो संशय धरा, पण फक्त तुमचाच एक पीसी गेला आणि त्याच लाइनवरचं बिलिंगचं प्रिंटर, वायफाय, ट्यूबलाइट सगळं शाबूत आहे तर म्हातारपणाचीच शक्यता जास्त.

सकाळी चार-पाच वेळा बटण दाबावं लागायचं, ती त्याचीच मोठी बहीण. इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर थंडीत आणखी कमजोर पडतो, त्याचा आतला अडथळा वाढतो, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं तापमान दहाच्या खाली जाते, दुकान बंद, प्लग काढलेला, सकाळी सगळं गार. चार वेळा दाबेपर्यंत आत थोडी ऊब येते आणि पीसी उठतो. उन्हाळ्यात तोच पीसी पहिल्या दाबात सुरू होतो म्हणून माणसाला वाटते की आपोआप बरा झाला. खरं तर उन्हाळाच त्याला मारत असतो, कारण या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होते, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ असेल तर धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या आत किती असेल याचा विचार करा.

याची एक जुनी परीक्षा आहे. प्लग काढा, केस वाळवायचा ड्रायर एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून दोन-तीन मिनिटं कोमट हवेवर धरा, ड्रायर बाजूला ठेवा, मग प्लग लावून जांभळी मोजा किंवा बटण दाबा. सुरू झाला तर कपॅसिटरच. पण सुरू झाला म्हणून तसाच वापरू नका, निदान झालं एवढंच समजा.

तो कपॅसिटर बदलता येतो का, येतो, स्वस्तही आहे. १०५ डिग्रीचा, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, उलटा लावायचा नाही. पण तुम्ही स्वतः एसएमपीएस उघडू नका असंच मी सांगेन. आत मेनच्या बाजूचे जे मोठे कपॅसिटर असतात त्यांच्यावर ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असते आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसंच राहू शकते, बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये तर जास्तच वेळ, कारण ते उतरवणारा रेझिस्टरच तुटलेला असू शकतो. ज्याला हे मोजून उतरवता येते त्यालाच उघडू द्या. आणि बारा-तेरा वर्षं जुन्या स्वस्त एसएमपीएसचा एक कपॅसिटर बदलला तरी बाकीचे त्याच्याच वयाचे आहेत, म्हणून दुकानाच्या पीसीसाठी मी नवीनच घ्या म्हणतो.

काही जण हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं ठरवतात. न फिरणं बरंच काही सांगते, फिरणं फार कमी. पंख्याला काय, १२ च्या जागी १० मिळाले तरी तो फिरतो. ही परीक्षा करायचीच असेल तर एखादी भंगारातली हार्ड डिस्क नाहीतर दोन-तीन पंखे भार म्हणून लावा आणि पिवळी, लाल, नारिंगी मोजा, ११.४ ते १२.६, ४.७५ ते ५.२५, आणि साधारण ३.१४ ते ३.४६ मध्ये पाहिजेत. राखाडीसुद्धा पाहा, ती पाचजवळ आली नाही तर पंखे फिरतील आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही, मग लोक रॅम घासत बसतात.

जांभळी ठीक आणि हिरवी हलतच नाही असं निघालं तर बटणाकडे वळा. बोर्डाच्या कोपऱ्यात समोरच्या बटणांच्या बारीक वायर येतात, त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, तिथली वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा, यात शॉक लागत नाही पण नेमक्या त्याच दोन पिना आहेत याची बोर्डावरच्या छापील अक्षरांवरून खात्री करा. पीसी सुरू झाला तर बिघाड फक्त बटणाचा. मग रिसेटचं बटण पॉवरच्या जागी लावून द्या, बिनपैशाचं काम झालं. बटण चिकटून दाबलेलंच राहिलं तर आणखी वेगळाच तमाशा होतो, पीसी सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत बंद पडतो, कारण बटण चार सेकंद दाबून धरणं म्हणजे जबरदस्तीने बंद करा असाच हुकूम असतो. लोक याला प्रोसेसर गरम होतो, बोर्ड शॉर्ट आहे, काय काय समजतात. प्रोसेसरचा कूलर निसटला असेल तरीही असंच दिसते म्हणून त्याचे चारही पाय बोर्डात घट्ट बसलेत का तेही बोटाने पाहून घ्या.

ज्यांच्या पीसीत पंखा जरासा हलतो आणि थांबतो, परत दाबलं तर काहीच नाही, प्लग काढून मिनिटभराने लावला की पुन्हा एकदाच हलतो, त्यांच्यासाठी. हा एसएमपीएसचा बचाव आहे, त्याला पुढे शॉर्ट दिसला आणि त्याने स्वतःला कुलूप घातलं, प्लग काढेपर्यंत ते उघडत नाही. इथे एकेक वस्तू कमी करत जा, दर वेळी प्लग काढून. डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, समोरचे यूएसबी. समोरच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा, पेन ड्राइव्ह उलटा घुसवून आतली पत्री वाकलेली असते आणि एवढ्याशा गोष्टीने अख्खा पीसी सुरू होत नाही. मग प्रोसेसरजवळचा ४ पिन काढून बटण दाबा, आता पंखे न थांबता फिरत राहिले तर शॉर्ट प्रोसेसरच्या सप्लायमध्ये आहे, त्या भागातला एखादा मॉसफेट (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) गेलेला असतो. प्लग काढून बोर्डावरच्या त्या ४ पिनच्या सॉकेटमध्ये पिवळी आणि काळीच्या जागी मीटरने रेझिस्टन्स पाहा, शून्याजवळ असेल तर बोर्ड गेला हे आता मीही म्हणेन, कारण आता ते मोजलेलं आहे.

बोर्ड डोळ्यांनीही तपासायचा. प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे कपॅसिटर वरून सपाट पाहिजेत, फुगलेले, डोक्यावरच्या चिरेतून तपकिरी काही बाहेर आलेलं, बुडाशी डाग, असं काही दिसलं तर ते गेले. २००० च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटमुळे ही साथच आली होती, तुमच्या २०१२ च्या बोर्डावर बहुतेक बऱ्यापैकी सॉलिड कपॅसिटर असतील, त्यामुळे तिथे आशा जास्त. २४ पिनचा कनेक्टर काढून आतल्या पिना पाहा, एखादी करपून तपकिरी झालेली असते. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारा, आत पाल नाहीतर झुरळं अडकून शॉर्ट झालेलं मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे, आणि धान्याची दुकानं जवळ असली की उंदीर वायर कुरतडतो हेही आलंच. कॅबिनेटच्या मागे कूलर ठेवला असेल तर तो हलवा, ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जो थर बसतो तो पहिल्या पावसाळ्यातच करंट वाहायला लागतो.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल नवीन टाका, स्वस्त आहे, बारा वर्षांत एकदा बदलला असेल तर असेल. तो बसला की मुख्यतः घड्याळ आणि सेटिंग जाते, पण काही बोर्ड सुरू व्हायलाही कुरकुर करतात. सेल काढलाच आहे तर प्लग काढलेल्या अवस्थेत पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, साठलेलं सगळं उतरते.

एसएमपीएस घ्यायचाच ठरला तर खोक्यावरचे ४५०, ५०० वॅट पाहू नका, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती ॲम्पियर लिहिले ते पाहा. तुमचा त्या पिढीचा आय३ ६५ वॅटचा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, सगळा पीसी मिळून शंभर वॅटच्या आत-बाहेर खातो, म्हणजे खरा ३००-३५० वॅटचा चांगल्या कंपनीचा आणि ८० प्लसचं (कमी वीज वाया घालवतो याचं) चिन्ह असलेला पुरून उरेल. हातात धरून पाहा, हलकाफुलका असेल तर आत लोखंड, तांबं, फिल्टर काहीच नाही. आजचा साधा एटीएक्स एसएमपीएस तुमच्या जुन्या बोर्डाला सरळ बसतो. ज्यांचा पीसी ब्रँडेड आहे त्यांनी मात्र आधी कनेक्टर पाहा, बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये २४ पिनच नसतात, ६, ८ किंवा १४ पिनचं वेगळंच काही असते, आणि त्याला रंग पाहून जुगाड केला तर बोर्ड जाईल.

आणि बोर्डच गेलेला निघाला तर? एच६१ चे बोर्ड जुने आणि नवे दोन्ही मिळतात, तुमचा प्रोसेसर आणि रॅम त्यावर चालेल, पण इथे मी तुम्हाला खर्च थांबवा म्हणेन. दुसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, बाबांचे पैशांचे हिशेब अशा मशीनवर इंटरनेट लावून ठेवणं बरं नाही. एसएमपीएसपुरता खर्च असेल तर जरूर करा, पीसी अजून काही वर्षं ऑफलाइन टॅली चालवेल. बोर्डासाठी पैसे घालण्यापेक्षा तेच नवीन किंवा चांगल्या सेकंडहँड मशीनमध्ये घाला.

तर आता डिस्क काढून, यूपीएस बाजूला करून सरळ भिंतीतून लावा आणि मला चार आकडे लिहून पाठवा. जांभळी बोर्ड लावलेला असताना, जांभळी बोर्ड काढून, हिरवी बटण दाबायच्या आधी, हिरवी दाबल्यावर. जांभळी दोन्ही वेळा शून्य आली तर ड्रायरच्याही भानगडीत पडू नका, एसएमपीएस बदला आणि नवीन लावल्यावर डिस्क जोडायच्या आधी एकदा पिवळी आणि लाल मोजून घ्या.